आधी डाळ, मग बाकी किराणा

पत्र

आम्ही नाशिकमध्ये सातपूरला भाड्याच्या खोलीत राहतो. मी, मिस्टर, सासूबाई, मनपा शाळेत चौथीला असलेली मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मिस्टर कंपनीत कंत्राटावर आहेत, त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला. आता किराणा, दूध, भाजी सगळं धरून महिन्याला 5000 च्या वर काढता येत नाहीत. पगार दहा तारखेला होतो आणि पुढची एक तारीख उजाडली की डबे रिकामे. मग पगार होईपर्यंत चहा-चपाती, नाहीतर भात आणि ठेचा. दुकानात वहीवर 1400 रुपये झालेत. मुलगी सारखी दमते, अभ्यासाला बसली की डोकं टेकते. शेजारची म्हणते, दुधात घालायची पावडर आण, डबा 300 ला आहे. आणू का? रेशनकार्ड आहे, प्राधान्य कुटुंबाचं, पण गावाकडचं, पेठ तालुक्यातलं. सोबत खर्चाची चिठ्ठी आणि आमच्या दुकानातले भाव लिहिले आहेत. अंडी आम्हाला चालतात, पण परवडत नाहीत. माझं काही नाही, मी उरलेलं खाते. मुलांसाठी सांगा.

उत्तर

ताई,

तुमच्या चिठ्ठीची बेरीज केली. तयार पीठ 20 किलो, 800 रुपये. तांदूळ 10 किलो, 450. तेल पाच लिटर, 750. साखर पाच किलो, 220. चहा पावडर 200. दूध रोज अर्धा लिटर, 900. तूरडाळ तीन किलो, 420. मुलांचे बिस्कीट-कुरकुऱ्यांचे पुडे, रोजचे 15 धरले तर 450. भाजी रोज 30 ची, म्हणजे 900. हे झाले 5090, आणि यात मीठ-मसाला धरलेलाच नाही. म्हणजे तुम्ही कितीही पोटाला चिमटा घेतलात तरी ही यादी 5000 मध्ये बसणारी नाही. एक तारखेला डबे रिकामे होतात ते तुमच्या हातून उधळपट्टी होते म्हणून नव्हे. ते मनाला लावून घेऊ नका.

पण एक गोष्ट बघा. पाच माणसांना महिन्याला डाळ तीन किलो आणि साखर पाच किलो. माझं बहुतेक सगळं उत्तर या दोन आकड्यांपाशी आहे.

तीन किलो डाळ पाच जणांत वाटली की माणशी दिवसाला 20 ग्रॅम येते. ते वरण नसतं, फोडणीचं पिवळं पाणी असतं. आणि पैसे संपत आले की आधी काय बंद होतं? डाळच. चहा, साखर, पीठ चालू राहतं. 50 किलो वजनाच्या बाईला दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. चहा आणि पाच चपात्यांवर दिवस काढला, तर त्यातली 16-17 ग्रॅमच पोटात जातात. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगात काही उरत नाही. हे दर महिन्याला नऊ-दहा दिवस तुमच्या घरात चाललंय.

म्हणून पगार हातात आला की पहिला खर्च डाळी-कडधान्यांचा करायचा. तेल, साखर, चहा त्याच्यानंतर. आणि ते पूर्ण महिन्याचं एकदम आणायचं, कारण पैसे सुटे राहिले की ते दुसरीकडे जातातच.

आता डाळ म्हटलं की तुम्ही तूरच आणता. तुमच्याच दुकानातले भाव घेऊन मी बघितलं, 20 ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती पैसे पडतात. सोयाबीनच्या वड्या 120 रुपये किलो: साधारण पाच रुपये. मसूर डाळ 90 रुपये: साडेसात. हरभरा 85 रुपये: साडेआठ. तूरडाळ 140 रुपये: 13 च्या आसपास. अंडी सात रुपयाला एक: तीनाच्या वर लागतात, म्हणजे 21 च्या पुढे. दूध 60 रुपये लिटर: 36 च्या वर. नुसत्या प्रथिनांसाठी दुधावर पैसे घालणं सगळ्यात महाग पडतं.

तरी दूध आणि अंडी मी तोडायला सांगणार नाही. ब 12 जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसतं, ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं, आणि वाढत्या मुलांना ते हवंच. फक्त ते दूध कुठे जातं ते बघा. अर्धा लिटरातलं बरंचसं चहाच्या पातेल्यात जात असणार. मुलांचे दोन कप आधी बाजूला काढा, उरलेल्यात मोठ्यांचा चहा. दिवसाला दोनच वेळा, आणि कोरा चालत असेल तर फारच चांगलं. अंड्यांचा 30 चा एक ट्रे आणा, 210 रुपये. दोन मुलांना एक दिवसाआड एक-एक. उकडूनच द्या, तेल वाचतं.

तर पगाराच्या दिवशी हे आणायचं: तूरडाळ दीड किलो, मसूर दीड, हरभरा दीड, मटकी एक, शेंगदाणे दीड, सोयाबीनच्या वड्या अर्धा किलो, हरभरा डाळ अर्धा किलो (ती गिरणीत दळून बेसन करा, म्हणजे तयार बेसनातल्या भेसळीची भीती नको). सगळं मिळून आठ किलो, आणि तुमच्या भावांनी 910 रुपयांच्या आसपास. घरी आणल्यावर लगेच त्याच्या चार पिशव्या करा, एकेका आठवड्याची एक, प्रत्येकीत थोडं-थोडं सगळं. चौथी पिशवी सासूबाईंच्या ताब्यात द्या. ती एक तारखेच्या आत उघडायची नाही, पाहुणे आले तरी नाही.

आता रेशन. यातूनच सगळ्यात मोठा आधार मिळणार आहे, आणि तुम्ही त्याचा उल्लेख जाता जाता केलात. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच जणांचे 25 किलो. त्यासाठी कार्ड सातपूरचं असावं लागत नाही. गावच्या कार्डावर तुम्ही नाशिकमधल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकता. कार्ड नंबर आणि आधार घेऊन जवळच्या दुकानात जा. आधी एवढं तपासा: पाचही जणांची नावं कार्डावर चढली आहेत का? धाकट्याचं बहुधा राहिलं असेल. त्याचा जन्मदाखला आणि आधार लागेल. सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली आहे का? आणि गावात दीर किंवा दुसरं कोणी याच कार्डावर धान्य उचलत असेल, तर घरात बसून ठरवा कोणी किती घ्यायचं. थोडं गावात आणि थोडं शहरात, असंही एका कार्डावर घेता येतं. दुकानदाराने 'हे कार्ड इथलं नाही' म्हणून परत पाठवलं, तर 1967 या क्रमांकावर तक्रार करा आणि शहराच्या धान्य वितरण कार्यालयात जा. खेटे घालावे लागले तरी घाला, दर महिन्याचे 1000 रुपये त्यात आहेत. तोवर पाकिटातल्या पिठाऐवजी सुटे गहू आणून दळा. कोंडा चाळून टाकू नका.

25 किलो पाच जणांना महिनाभर पुरत नाहीत, वर आणखी दहा-अकरा किलो लागतील. त्यासाठी 450 रुपये धरा, सहा किलो ज्वारी आणि पाच किलो नागली, म्हणजे नाचणी. पेठ तालुक्यात तुमचं गाव आणि अख्ख्या पत्रात नागलीचं नाव नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. शहरात आल्यावर नागलीची भाकर गरिबाची म्हणून मागे पडली असेल. पण 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वजनाला वजन धरलं तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गावाहून कोणी येणार असेल तर नागली, उडीद, हुलगे मागवा, इथल्यापेक्षा स्वस्त पडतील. सासूबाईंना हुलग्याचे शेंगोळे येत असतील. त्यांच्याकडून करवून घ्या. या वयात घरात आपली गरज आहे हे कळलं की माणूस उभारी धरतं, आणि तुम्हालाही एक हात मदत होईल.

धाकट्यासाठी नागलीचं सत्त्व करून ठेवा. अर्धा किलो नागली धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायची. थंडीत दीड-दोन दिवस लागतात. पांढरे मोड दिसले की सावलीत कडकडीत वाळवायची, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची आणि बारीक दळायची. मोड आल्यामुळे त्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. सकाळी दोन चमचे सत्त्व गार पाण्यात कालवून, ढवळत शिजवून, वरून दूध. शेजारणीच्या 300 च्या डब्याऐवजी हे. तो डबा आणू नका. तेवढ्याच पैशात दोन किलोच्या वर शेंगदाणे येतात.

मुलगी सकाळी शाळेत काय खाऊन जाते, ते लिहिलं नाहीत. चहा-बिस्कीट खाऊन जात असेल तर ते उद्यापासून थांबवा. बिस्कीट म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल, आणि चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. रात्रीची एक भाकरी जास्तीची टाका. सकाळी ती कुस्करून, कांदा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून फोडणीला टाका, वर लिंबू पिळा. लिंबू चवीपुरतं समजू नका. डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते लिंबात, आवळ्यात, पेरूत भरपूर. चहा मोठ्यांनीही जेवणावर घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा.

तिचं दमणं मात्र नुसत्या जेवणावर सोडू नका. मनपाच्या आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत पाचवीपर्यंतच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी देतात, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. मुलं कडू लागते म्हणून थुंकतात, नाहीतर त्या दिवशी शाळेत नसतात. तिला विचारा. पोटात जंत असतील तर तुम्ही काहीही खाऊ घाला, त्यातलं काही त्यांच्याकडेच जाईल.

आणि शाळेतली खिचडी ती खाते का? पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलांना रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. मैत्रिणी डबा आणतात म्हणून आपणही डबाच खायचा, असं मुलींचं होतं. तिला सांगा, खिचडी खायची आणि सोबत डब्यातलं उकडलेलं अंडं किंवा पेरू. धाकट्याचं नाव अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम आहार मिळतो, पैसे लागत नाहीत. हे मागायला लाजू नका, तो त्यांचा हक्क आहे.

भाजीचे 900 तसेच राहू द्या, पण रोज 30 ची आणू नका. आठवड्याला 225 घेऊन एकदा जा. गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार स्वस्त पडतो, पण सातपूरहून येण्याजाण्याचं बसभाडं धरलं तर एकटीने जाण्यात फायदा नाही. तिघी-चौघी मिळून एकीला पाठवा, किंवा आपल्याच भागात अंधार पडायच्या सुमाराला जा, तेव्हा विक्रेते उरलेला माल वाट्यावर देतात. आपल्या जिल्ह्यात पालेभाजी एवढी पिकते की मेथी-कोथिंबिरीचा भाव मधूनच कोसळतो. तेव्हा दोन जुड्या जास्तीच्या घ्या, निवडून, सुकवून कागदात गुंडाळून ठेवा. फ्लॉवरचा, मुळ्याचा, बिटाचा पाला टाकायला सांगू नका, तो मागून घ्या. सातपूरमध्ये कोणाच्या अंगणात शेवगा असेल तर त्याचा पाला कोणी नाही म्हणत नाही. ओंजळभर चिरून बेसनाच्या पिठल्यात किंवा थालीपिठात घातला की मुलांना कळतही नाही.

रोज काय करायचं याचा तक्ता मी मुद्दाम देत नाही, तो चार दिवस चालतो आणि मग भिंतीवर राहतो. एवढंच धरून चाला की दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी-भाताबरोबर डाळ, उसळ किंवा शेंगदाणा यातलं एक असायलाच हवं, आणि एका वेळी पाला. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातलं उणं दुसऱ्याने भरून निघतं. एक दिवस मटकीची उसळ, आपल्याकडे मिसळीच्या नावाने मुलं खुशीने खातात, फक्त तर्री कमी आणि फरसाण नको. एक दिवस मसुरीची आमटी, जाडसर. हरभरे रात्री भिजवायचे, कुकरमध्ये मऊ करायचे, त्यातले निम्मे पळीने ठेचून रस्सा दाट करायचा. खोबऱ्याचं वाटण लागत नाही. शेंगदाण्याचं कालवण आणि नागलीची भाकर. पिठलं तर आहेच. सोयाबीनच्या वड्या मुलं नाकारतात त्या वासामुळे. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात दोनदा घट्ट पिळायच्या, मिक्सरला जाडसर फिरवायच्या आणि कांदा-टोमॅटोवर खिम्यासारख्या परतायच्या. मिस्टरांच्या डब्याला तेच द्या. रात्रपाळी असेल तर भाजलेले हरभरे-शेंगदाणे खिशात.

तेल पाचावरून तीन लिटरवर आणा, 450 रुपये. पाच माणसांना महिनाभर ते पुरतं. पळीने ओतायचं बंद करा आणि चमचा डब्यातच ठेवा. साखर अडीच किलो, 110. चहा पावडर 150. पुड्यांचे 450 बंद करून 150 पेरू-केळ्यांना ठेवा. मीठ-मसाला 200. दळणाचे 100. हे सगळं, वर दूध, अंडी, भाजी, डाळी आणि ज्वारी-नागली धरून 4530 होतात. रेशन सुरू झालं की हे जमेल, त्याच्या आधी नाही, म्हणून त्या कामाला आधी लागा.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. 'माझं काही नाही, मी उरलेलं खाते.' ताई, हे मला मान्य नाही. तुम्ही घरातली सगळी कामं करता, पाणी भरता, पोरांचं बघता, आणि महिन्याची पाळी येते त्यात लोह जातं ते वेगळं. घरात रक्त कमी असण्याची सगळ्यात जास्त शक्यता तुमचीच आहे. मुलीबरोबर तुमचंही हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासून घ्या. आणि वाढायची पद्धत बदला. कोणी जेवायला बसायच्या आधी आमटीच्या पाच वाट्या एकदम भरायच्या, तुमची धरून. ज्याला जास्त हवं त्याला भाकरी मिळेल, भात मिळेल, पण दुसऱ्याच्या वाटीतली डाळ नाही. मुलगी आज तुमच्याकडे बघून शिकते आहे की बाईने शेवटी आणि उरलेलं खायचं. तिचं आत्ताचं दमणं बरं करून पुढे तिला तेच खायला लावायचं नसेल, तर तुमची वाटी तिच्यासमोर भरा.

4530 जाऊन 470 उरतात. पहिले तीन महिने ते वहीवर भरा, 1400 फिटतील. दुकानदाराला आधीच जाऊन सांगा की दर दहा तारखेला इतके देते, नवीन उधार नको. बहुतेक दुकानदार असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मान देतात, आणि महिन्याचा माल एकदम घेताना किलोमागे दोन-तीन रुपये कमीही करतात. मागून बघा.

पहिल्या महिन्यात हिशेब थोडा चुकला तर तेल, साखर, चहा यातून काढा, चौथ्या पिशवीला हात लावू नका. मुलीचा आणि तुमचा रिपोर्ट आला की आकडे मला कळवा. कमी निघाले तर डॉक्टर गोळ्या देतील, त्या पूर्ण घ्यायच्या. त्या काळात दोघींनी काय खायचं, ते मी वेगळं लिहीन.